वाचकांचे प्रश्न : बारवेत प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडावे का?

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी वेशीबाहेर काळ्या दगडात बांधलेली जुनी बारव आहे. गेली काही वर्षे ती संक्रांतीपूर्वीच कोरडी पडते. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे पाणी आणून ती बारमाही भरलेली ठेवावी, आतून सिमेंटचा गिलावा करावा आणि भोवती बाग फुलवावी, असा विषय नगरपरिषदेच्या सभेपुढे आहे. वारसा जतन आणि पाण्याचा पुनर्वापर ही दोन्ही कामे एकाच खर्चात होतील, असे सांगितले जाते. हे योग्य आहे का? – एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : बागेसाठी ते पाणी जरूर घ्यावे. बारवेत मात्र ते सोडू नये, आणि आतून सिमेंट तर मुळीच लावू देऊ नये.

बारव ही टाकी नव्हे, ती पायऱ्यांची विहीर आहे. भोवतालच्या मुरमातून आणि फटी असलेल्या खडकातून पाझरणारे पाणी दगडांच्या सांध्यांतून आत येते, म्हणूनच तिचे बांधकाम श्वास घेणारे असते. सांधे सिमेंटने बुजवले की झरे बंद होतात, आणि पावसाळ्यात भिंतीमागे साठलेल्या पाण्याला वाट न मिळाल्याने त्याच्या दाबाने भिंत आतल्या बाजूला फुगू लागते. चार शतके उभी राहिलेली भिंत अशा ‘दुरुस्ती’नंतर थोड्याच वर्षांत ढासळू शकते, हे सभेत स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

पाण्याचे म्हणाल तर प्रक्रियेने घाण कमी होते, पण विरघळलेले क्षार बहुतांशी तसेच राहतात. उन्हाळ्यात पातळी खाली-वर होताना ते क्षार दगडात आणि चुन्यात शिरतात, तेथेच त्यांचे स्फटिक बनतात आणि लोणा लागून दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. नत्र आणि स्फुरद शिल्लक असल्यामुळे शेवाळ आणि डासही वाढतात. याहून गंभीर बाब अशी की, झरे ज्या वाटेने बारवेत येतात त्याच वाटेने आतले पाणी बाहेर भूजलात जाते. केंद्र शासनाच्या 2017 च्या अधिसूचनेनुसार प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात दर 100 मिलिलिटरमागे विष्ठाजन्य जिवाणूंची मर्यादा 1000 आहे, तर पिण्याच्या पाण्यात ते एकही असता कामा नयेत. शेजारच्या आडाचे आणि हातपंपाचे पाणी लोक पीत असतील, तर हा विचार तेथेच थांबला पाहिजे.

मग पुनर्वापर कोठे करावा? पन्नास हजार वस्तीचे शहर धरू. भुयारी गटारे असलेल्या शहरासाठी दरडोई 135 लिटर पुरवठ्याचे प्रमाण मानले जाते आणि त्यातील सुमारे 80 टक्के पाणी सांडपाणी म्हणून परत येते, म्हणजे दररोज 54 लाख लिटर. आपल्याकडे आठ-आठ दिवसांनी नळ येतो, म्हणून हा आकडा निम्मा धरला तरी 27 लाख लिटर उरतात. बांधकामे, उद्याने, रस्त्यावरील धूळ बसवणे, अग्निशमनाचे टँकर आणि वैरणीची पिके यांसाठी आज बोअरचे गोडे पाणी उपसले जाते. तेथे हे पाणी दिले, तर तेवढे भूजल जमिनीतच राहील. 2015 मध्ये परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले आणि 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. 2016 च्याच राष्ट्रीय वीजदर धोरणाने सांडपाणी केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांनी प्रक्रिया केलेले पाणी वापरावे असे ठरवले, आणि नागपूरचे असे पाणी कोराडीच्या औष्णिक केंद्राला जाते.

बारव कोरडी पडते तेव्हा दोष बहुधा बारवेत नसतो, तिच्या वरच्या अंगाला असतो. बीडची खजाना बावडी किंवा संभाजीनगरची मलिक अंबरची नहर, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारी वाट, पाहिली, म्हणजे जुन्या कारागिरांनी विहिरीइतकेच लक्ष पाणी येण्याच्या वाटेकडे दिले होते, हे कळते. म्हणून वरच्या अंगाचे ओढे मोकळे करावेत, आणि 500 चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल साठवण बंधनकारक करणारा नियम नगरपरिषदेने कागदावर न ठेवता जागेवर तपासावा. गाळ माणसांकडून काढावा, पोकलेन उतरवू नये. सांधे भरायचेच असतील तर ते चुन्याने, आणि पाझराची छिद्रे उघडी ठेवून भरावेत.

आपण आधी बारवेची मिळकत पत्रिका काढावी आणि ती 1960 च्या राज्य अधिनियमाखाली संरक्षित आहे का, हे पुरातत्त्व संचालनालयाच्या संभाजीनगर येथील कार्यालयात विचारावे. संरक्षित नसेल, आणि बहुतेक बारवा नसतात, तर 1966 च्या नगररचना अधिनियमाखालील विकास योजनेत तिची ऐतिहासिक स्थळ म्हणून नोंद करण्याची लेखी मागणी करावी. अंदाजपत्रकाची आणि तांत्रिक मान्यतेची प्रत माहितीच्या अधिकारात 30 दिवसांत मिळाली पाहिजे. बागेच्या आणि बारवेच्या कामांची अंदाजपत्रके वेगळी करा, एवढा एकच आग्रह धरलात तरी बरेच साधेल.

प्रश्न : आमचा माळवदाचा, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत असलेला, जुना वाडा आहे. न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी शोषखड्ड्यात मुरवावे, असे नगरपंचायतीने सांगितले आहे. अंगणात जागा फक्त भिंतीलगत आहे. खड्डा घ्यावा का? – एक वाचक, धाराशिव जिल्हा

उत्तर : भिंतीलगत घेऊ नये. नांदेड जिल्ह्यातील गावांनी शोषखड्ड्यांनी गटारे आणि डास हटवले, त्यामुळे नगरपंचायतीचा हेतू चांगलाच आहे. पण माळवदाच्या वाड्याची भिंत मातीत रचलेली असते. पायाशी रोज पाणी मुरले की माती मऊ होते आणि माळवदाचे सारे ओझे खचत्या पायावर येते. खड्डा घरापासून किमान 6 मीटर आणि पिण्याच्या आडापासून 18 मीटर दूर असावा. तेवढी जागा नसेल, तर पाणी जाळीतून गाळून नळीने परसातल्या केळीला किंवा अळूला द्यावे, आणि अडचण लेखी कळवून चार शेजाऱ्यांसाठी गल्लीच्या उताराला एक सामायिक खड्डा मागावा.