‘आई आहेतच ना’

प्रिय ताई,

मी ६६ वर्षांची आहे. यजमान गेल्यावर चिपळूणजवळचं घर बंद करून मुलाकडे ऐरोलीला आले. मुलगा इथल्याच आयटी पार्कात, सून पवईला नोकरीला. नात आता पाचवीत जाईल, नातू पहिलीत. गेलं वर्षभर पाचला उठून डबे, नातीची तयारी, तिला बसपर्यंत सोडणं-आणणं मीच केलं. नातू बालवर्गातून पाळणाघरात जायचा. यंदा नातीची बस साडेसहाला, नातवाची साडेआठला, येतानाही दोघं वेगवेगळ्या वेळी. त्यात पाळणाघर बंद करायचं चाललंय, कारण ‘आई आहेतच ना’. माझे गुडघे फार दुखतात. डॉक्टरांनी फिजिओथेरपी सांगितली होती, ती मुलांच्या वेळांमुळे बंद पडली. शाळेच्या ग्रुपवर मलाही घातलंय, पण इंग्रजी मेसेज मला कळत नाहीत. फेब्रुवारीत असाच एक मेसेज राहिला, नात प्रोजेक्टचं सामान न घेता गेली आणि रडत घरी आली. सून म्हणाली, “आई, एवढं तरी बघायचंत.” ते वाक्य मनातून जात नाही. नातवंडांवर माझा जीव आहे. नाही म्हटलं तर मी स्वार्थी ठरेन का? आणि सुनेला सांगू कसं?

– एक आजी, ऐरोली

ताई,

नाही, तुम्ही स्वार्थी ठरत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळ्या मनाने वाचाल.

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे, इथे त्यातला थोडाच भाग छापता आला. ते पुन्हा वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. सून पानोपानी आहे. ती कधी निघते, कधी येते, काय बोलली, कशावरून चिडली. मुलगा मात्र, नोकरीचा उल्लेख सोडला तर, चार पानांत एकदाच येतो, “तो आठला निघतो” एवढ्यापुरता. ऑफिस घरापासून दहा मिनिटांवर, दोन मुलांचा बाप, आणि डबा, बस, ग्रुप, पाळणाघर यांपैकी कशातच त्याचं नाव नाही. तुम्हालाही ते खटकलेलं दिसत नाही. सुनेला कसं सांगू, असं तुम्ही विचारलंत. तिला एकटीला सांगायचंच नाही. दोघांना समोर बसवून सांगायचं, आणि बोलायला सुरुवात मुलाकडे बघून करायची.

सुनेला एकटीला सांगितलंत तर तिला ती तक्रार वाटेल. पवईहून निघून, ऐरोली पुलावरच्या गर्दीतून रात्री घरी पोचणाऱ्या बाईच्या डोक्यावर आणखी एक ओझं जाईल. मुलाला एकट्याला सांगितलंत तर तो तेच बायकोच्या कानावर घालेल, “आईला झेपत नाही म्हणते,” आणि तिथून सासू-सुनेचं बिनसेल. मला येणाऱ्या कितीतरी पत्रांत गाडी इथेच रुळावरून घसरलेली असते. दोष ना सासूचा असतो ना सुनेचा. मधला माणूस निरोप पोचवून मोकळा झालेला असतो.

बोलायचं मात्र शाळा उघडायच्या आत. जूनच्या मध्याला शाळा सुरू होईल. पहिल्या आठवड्यात घर जसं निभावतं, तीच पद्धत पुढे एप्रिलपर्यंत चालते. एकदा का तुम्ही चार फेऱ्या मारायला लागलात की त्या तुमच्याच होऊन बसतील. तेव्हा त्याआधीचा एखादा रविवार धरा. जेवणं झाली, मुलं खाली खेळायला गेली, की म्हणा: “मला तुमच्या दोघांशी नव्या वर्षाचं बोलायचंय. गेल्या वर्षी केलं तेवढं यंदा माझ्याने होणार नाही. गुडघेदुखी वाढलीय आणि मुलांच्या वेळांमुळे मी उपचार बंद केलेत. मी काय करेन आणि काय नाही, ते आज ठरवू या.” बस. “माझं काय, चाललंय” आणि “तुम्हाला त्रास नको म्हणून बोलत नव्हते” ही दोन वाक्यं त्या दिवशी तोंडातून येऊ देऊ नका. आपल्याकडच्या बायकांना ती इतकी सवयीची आहेत की खरं दुखणं त्यांच्याखाली झाकलं जातं आणि समोरच्याला सुटका मिळते.

मग टेबलावर एक मोठा कागद ठेवा आणि सकाळी पाचपासून रात्री दहापर्यंतचा दिवस तिघांनी मिळून लिहून काढा. पहिली नोंद तुमच्या फिजिओथेरपीची, सकाळी दहाची म्हणा. गुडघ्यांच्या झिजेवर मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम हा उपचाराचा मोठा भाग असतो, आणि ते नेमाने केले तरच गुण येतो. ती वेळ आधी अडवा, बाकी सगळं तिच्याभोवती बसवा. आजवर उलटं होत आलंय.

दोघांच्या वेळा वेगळ्या असण्यामागे कारण आहे, ते माहीत असू द्या. लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊला किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. पाचवीच्या नातीला ते लागू नाही, पहिलीच्या नातवाला आहे. मुलांच्या दृष्टीने निर्णय चांगलाच आहे, पण भावंडं दोन बाजूंना असली की घराची सकाळ दुभंगते. तुमच्याकडे त्यावर सरळ तोड आहे. सकाळच्या दोन्ही फेऱ्या मुलाच्या. साडेसहाला त्याने खाली उतरायचं, साडेआठला पुन्हा, आणि तिथूनच ऑफिसला जायचं. आठऐवजी पावणेनऊला निघाला तर दहा मिनिटांवरच्या ऑफिसचं काही बिघडणार नाही. तसंच काही अडचण असेल तर ती त्याने त्या टेबलावर मांडावी. तुम्ही त्याच्या वतीने अडचणी शोधत बसू नका.

दुपारची नातीची फेरी तुम्ही ठेवा, कारण ती तुम्हाला आवडते. ती बसमधून उतरल्यापासून लिफ्टमध्ये शिरेपर्यंत दिवसभराचं सगळं सांगते, हे तुम्ही किती मन लावून लिहिलंय! तो आनंद सोडू नका. पण स्टॉप रस्त्याच्या पलीकडे आहे आणि दुभाजकाच्या पायऱ्यांवर गुडघा अडतो असंही लिहिलंय, ते चालू देऊ नका. महाराष्ट्रात २०११ पासून स्कूल बससाठी स्वतंत्र नियम आहेत. शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते, तिच्यात पालकांचे प्रतिनिधी असतात आणि बसथांबे ठरवणं हे तिच्या कामांतलंच एक. त्या बाजूच्या दोन-चार पालकांच्या सह्या घेऊन बस सोसायटीच्या गेटपाशी थांबवावी असा अर्ज आत्ताच द्या. मार्ग आखून झाल्यावर कुणी बदलत नाही. अर्ज मुलाने लिहायचा. आणि हो, नातीचं दप्तर तुम्ही उचलायचं नाही. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणाप्रमाणे दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच असावं, म्हणजे तीस किलोच्या मुलीला तीन किलो. घरच्या वजनकाट्यावर एकदा ठेवून बघा. तुम्हाला जड लागतं ते दप्तर तिलाही जडच आहे, मग वेळापत्रक बघून रोज रात्री तिनेच ते भरायला शिकू दे. पाचवीतली मुलगी हे करू शकते.

नातवाचं पाळणाघर बंद होता कामा नये. यावर मी ठाम आहे. शाळेची बस त्याला परस्पर पाळणाघराशी सोडू शकते का ते विचारून घ्या, संध्याकाळी आई-बाबांपैकी जो आधी येईल तो त्याला घेऊन येईल. पैशांची ओढ असेल तर दोघांनी तसं स्पष्ट म्हणावं, त्यावर वेगळं बोलता येईल. पण ‘आई आहेतच ना’ हा पैशांचा हिशेब नव्हे. त्यात तुमचे तास, तुमचे गुडघे आणि तुमची दुपारची झोप कुणी धरलेलीच नाही.

शाळेच्या ग्रुपमधून बाहेर पडा. आजच. तिथे आई आणि बाबा दोघंही असावेत, आणि रोज रात्री उद्याचं काय न्यायचंय ते बाबाने बघून फ्रिजवर मराठीत चिकटवावं. फेब्रुवारीत जे झालं ते तुमच्या हातून झालंच नाही. न वाचता येणाऱ्या भाषेतले निरोप सांभाळायचं काम तुमच्याकडे द्यायलाच नको होतं.

सुनेच्या त्या वाक्याबद्दल. ते लागावं असंच होतं आणि तुम्हाला लागलं, त्यात तुमचं काही चुकलं नाही. मला मात्र असं वाटतं की त्या दिवशी शाळेतून फोन तिला आला असणार, ऑफिसात चारचौघांत. लेकीच्या रडण्याचा अपराध तिने आधी स्वतःच्या माथी घेतला असणार, आणि घरी आल्यावर तो तुमच्या अंगावर सांडला. हे तिच्या बाजूने बोलणं नाही. पण त्या रविवारी कागदाचं सगळं झाल्यावर एकदा सांगून टाका, “त्या दिवशीचं तुझं बोलणं मला फार लागलं गं.” आवाज चढवायचा नाही, जुनी यादी काढायची नाही. ती माफी मागेल, न मागेल. पण तुम्ही रात्री एकट्या ते घोळवत राहण्यापेक्षा तिला माहीत असणं बरं.

आता जे तुमच्याकडे राहावं असं मला मनापासून वाटतं, ते. वह्या-पुस्तकांची कव्हरं. ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला जाऊन जांभळी नाक्यावरून खाकी कागद आणि घाऊक वह्या आणायच्या, दुपारभर जमिनीवर पसारा मांडून कव्हरं घालायची, लेबलांवर नावं घालायची, हे तुम्ही किती रंगून लिहिलंय. यंदा जमिनीवर बसू नका, टेबलावर पसारा मांडा, आणि ठाण्याला जाताना नातीला बरोबर न्या, पिशव्या ती धरेल. संध्याकाळचे पाढे आणि परवचाही तुमचाच. पहिली-दुसरीला गृहपाठ देऊ नये असं तेच दप्तर धोरण सांगतं, तेव्हा नातवाला वहीशी बसवण्याची घाई करू नका. तुमच्या गोष्टी त्याला पुरतील.

त्याची तयारी खरं तर डब्यापासून करा. घट्ट झाकणाचा डबा पहिलीतल्या मुलाला उघडत नाही, आणि बाईंना सांगायला लाजून तो तसाच भरलेला परत आणतो. मग घरी बोलणी बसतात की जेवला नाही. नवा डबा घेताना दुकानातच त्याच्या हातात द्या. उघडून, पुन्हा लावून दाखवला तरच घ्या. पाण्याच्या बाटलीचं तेच, बुटांचं तेच. नाडीऐवजी पट्टीचे बूट घ्या. आणि पहिले दोन दिवस तरी बाबाने सुट्टी काढून त्याला शाळेच्या फाटकापर्यंत न्यावं. फाटकाशी रडणाऱ्या पोराला आजीने सोडवून घरी यायचं आणि दिवसभर एकटीने झुरत बसायचं, हे नको.

पावसाचं लक्षात ठेवा. जोरदार पाऊस लागला की पूल तुंबतो आणि सून अडकते. अशा दिवसासाठी सोसायटीतल्या एखाद्या विश्वासाच्या घराचं नाव शाळेत आणि बसच्या ताईंकडे आधीच नोंदवा, म्हणजे भर पावसात तुम्हाला छत्री घेऊन उतरावं लागणार नाही. टीव्हीवर मुंबईच्या शाळांना सुट्टी म्हणून सांगितलं तरी ऐरोली ठाणे जिल्ह्यात येते, तेव्हा आपल्याकडची सुट्टी आहे की नाही ते ठाण्याच्या आदेशावरून बघायचं. हेही काम ग्रुपवाल्या बाबाचं.

राहिले गणपती. गावी जायची इच्छा तुम्ही शेवटच्या ओळीत, जागा उरली म्हणून लिहावी तशी लिहिलीत. ती त्या कागदावर ठळक लिहा. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सकाळी आठला उघडतं आणि कोकणातल्या गाड्या तेव्हाच भरतात. ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर घाला, त्या सकाळी मुलाला तिकीट काढायला बसवा, आणि तुम्ही नसताना मुलांचं कोण बघणार ते त्याच रविवारी दोघांना ठरवू द्या. तिकीट खालच्या बर्थचं काढायला सांगा.