तुलना कोणाशी?

या महिन्यात आलेल्या पत्रांत कुणी जमिनीबद्दल विचारलंय, कुणी लग्नाबद्दल, कुणी दवाखान्यातल्या कागदाबद्दल. पण 'संशोधनात असं दिसलंय म्हणे' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. संशोधनपद्धती शिकवण्यात माझी सारी नोकरी सरली. त्यामुळे 'म्हणे' वाचलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: तुलना कोणाशी केली? उत्तरांत तो पुन्हा पुन्हा डोकावेल, सांभाळून घ्या.

प्रश्न : माझं लग्न मे १९९३मधलं, धाकट्या बहिणीचं १९९५मधलं. वडिलोपार्जित जमिनीत तिला हक्क आहे, तुम्हाला नाही, असं तेव्हा वकिलांनी सांगितलं होतं. आता भाची म्हणते, मावशी, तुझ्यासारख्या बहिणींवर परदेशातल्या विद्यापीठांत अभ्यास झालेत. खरं का हे? आणि आज तरी मला हक्क आहे का? (फलटण)

आधी हक्काचं बोलू. महाराष्ट्राने २२ जून १९९४पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मजात हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. वकील तेव्हा बरोबरच बोलले होते. पुढे केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ला लागू झाली आणि लग्नाची अट गेली. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, यावर पंधरा वर्षं घोळ चालला. सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२०ला तो मिटवला: हक्क जन्माने येतो, वडील हयात असण्याची गरज नाही. म्हणजे ताई, आज तुम्हालाही हक्क आहे. फक्त दोन गोष्टी तपासा. २० डिसेंबर २००४च्या आधी नोंदणी करून किंवा कोर्टाच्या हुकमाने वाटणी झाली होती का? आणि भावाने कधी 'नुसती सही कर' म्हणून हक्कसोडपत्र पुढे केलं होतं का? सातबाऱ्यावर नाव नाही एवढ्यावरून हक्क बुडत नाही, पण ती एक सही बुडवू शकते.

आता भाचीचं. तीही बरोबर आहे. मुलींना जमीन मिळाली तर त्यांच्या आयुष्यात काय बदलतं, हे शोधणं वाटतं तेवढं सोपं नाही. जमीन मिळालेल्या आणि न मिळालेल्या बायका शेजारी उभ्या करून मोजलं, तर जमिनीचा परिणाम मोजला जात नाही. ज्या घरात बाप लेकीला वाटा देतो, ते घर मुळातच वेगळं असतं. तिथे लेक शाळेत गेलीच असती. पण १९९४च्या कायद्याने एक रेघ मारली, आणि तुमच्या घरात ती रेघ दोन सख्ख्या बहिणींच्या मधून गेली. आईबाप तेच, जमीन तीच, फरक लग्नाच्या तारखेचा. आणि तारीख ठरते ती मुहूर्ताने, पैशाने, पावसाच्या आधी कार्य उरकायच्या घाईने. विधानसभेत काय चाललंय याने नव्हे. संशोधकाला याहून चांगली तुलना कुठे मिळणार? शिवाय राज्यांच्या तारखाही वेगळ्या होत्या: केरळ १९७६, आंध्र १९८६, तमिळनाडू १९८९, महाराष्ट्र आणि कर्नाटक १९९४. बाकीचा बराचसा देश २००५पर्यंत जुन्याच नियमावर चालला.

काय निघालं? अर्थतज्ज्ञ क्लाउस डाइनिंगर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्र-कर्नाटकातली घरं पाहिली. कुटुंबप्रमुख कायद्याआधी वारले ती आणि नंतर वारले ती, आणि त्यात मुलगा-मुलगी यांचे वाटे. मुलींना जमीन मिळण्याची शक्यता वाढलेली दिसली, पण भावांच्या बरोबरीला ती आली नाही. मुलींची शाळा वाढली, लग्नाचं वय पुढे सरकलं. संचारी रॉय यांच्या अभ्यासात मात्र चित्र वेगळं आहे. बापांनी हयातीतच जमीन मुलांच्या नावे करून कायद्याला वळसा घातला आणि मुलींची भरपाई केली: शाळेच्या वयाच्या होत्या त्यांना जास्त शिकवलं, ते वय उलटलेल्यांना जास्त हुंडा दिला. दोन्ही अभ्यास चांगले आहेत. त्यांचं एकमेकांशी पटत नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पुढचा भाग लिहायला जड जातो. सोनिया भालोत्रा, रेचेल ब्रुले आणि रॉय यांनी पाहिलं की ज्या घरांत पहिलं मूल मुलगी होतं, तिथे या सुधारणांनंतर दुसरा मुलगाच होण्याचं प्रमाण वाढलं. पहिलं मूल मुलगी की मुलगा, ही निसर्गाने टाकलेली चिठ्ठी, म्हणून ही तुलना भक्कम. लेक जमिनीची वाटेकरी झाली तशी काही घरांना ती नकोशीच झाली, आणि सोनोग्राफीची यंत्रं त्याच काळात तालुक्याच्या गावी पोचत होती. हे वाचून 'बघा, कायद्यानेच पोरी मारल्या' म्हणणारे भेटतात. मला ते मान्य नाही. त्याच कायद्याने दुसऱ्या घरातली पोर दहावीपुढे गेली. दोन्ही आकडे एकाच वहीत लिहायचे असतात.

प्रश्न : एका 'आंतरराष्ट्रीय' संशोधनपत्रिकेचा ईमेल आला आहे. निबंध ४८ तासांत छापतो, १,८०० रुपये भरा. माझा विषय मुलींची शाळागळती, पत्रिका अभियांत्रिकीची. पाठवू का? (कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षिका, परभणी)

नका पाठवू. दोन जाणकारांनी निबंध वाचून शेरे लिहायचे, तुम्ही तो सुधारायचा, यात महिने जातात. ४८ तासांत होतो तो फक्त पैशांचा भरणा. विद्यापीठांनी सुचवलेल्या पत्रिका २०१८मध्ये पुण्याच्या अभ्यासकांनी चाळून पाहिल्या, तेव्हा दहातल्या जवळपास नऊ साध्या निकषांतही बसल्या नव्हत्या. पीएच.डी.साठी निबंध छापून आणण्याची सक्तीही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२च्या नियमांत काढून टाकली आहे. ते १,८०० रुपये पाच शाळांची हजेरीपत्रकं बघायला एसटीभाड्यात घाला.

प्रश्न : रविवारी आमच्या गावात दोन तरुण घरोघर फिरून मुलांना दुसरीचा उतारा वाचायला लावून गेले. माझी पाचवीतली तीन मुलं अडखळली. पालक आता मलाच जाब विचारतात. शाळेत न येता शाळा मोजायची ही कुठली रीत? (जिल्हा परिषद शिक्षिका, अंबड तालुका)

वर्णनावरून ती 'असर'ची पाहणी दिसते. 'प्रथम' संस्थेने २००५मध्ये सुरू केलेली. बाई, त्या उताऱ्यावरून तुमची शाळा मोजलीच जात नाही. जिल्ह्यातली साधारण ३० गावं आणि प्रत्येक गावातली २० घरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडतात. मुलं घरी गाठायचं कारण साधं आहे: शाळेत गेलं तर भेटतं फक्त त्या दिवशी हजर असलेलं मूल, आणि तेही त्याच शाळेचं. इंग्रजी शाळेत जाणारं, घरी बसलेलं, ऊसतोडीवरून नुकतं परतलेलं, सगळी मोजायची तर उंबऱ्यावरच जावं लागतं. वीस घरांवरून जिल्ह्याच्या आकड्याला हातभार लागतो. एका गावाबद्दल, त्यातून एका शिक्षिकेबद्दल, काहीच म्हणता येत नाही. पालकांना एवढंच सांगा.

पण तीन मुलं अडखळली, हे खरं आहे ना? त्यावर एक जुना आणि मला फार आवडणारा प्रयोग आहे. मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत 'प्रथम'ने तिसरी-चौथीतली मागे पडलेली १५-२० मुलं रोज दोनेक तास वर्गाबाहेर काढली आणि वस्तीतल्याच शिकलेल्या मुलीकडे, 'बालसखी'कडे, दिली. तिने पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून अक्षरओळख, वाचन आणि बेरीज-वजाबाकी घ्यायची. कुठल्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी, ते चिठ्ठीने ठरलं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मोजमाप केलं, निबंध २००७चा. दोघांना २०१९मध्ये मायकेल क्रेमर यांच्याबरोबर नोबेल मिळालं, त्यामागच्या कामांत हेही होतं. मागची मुलं बरीच पुढे सरकली. गंमत पुढे आहे. ती २० मुलं बाहेर गेल्यावर वर्गात उरलेल्यांना बाईंचं लक्ष जास्त मिळायला हवं होतं, पट कमी झाला होता. तरी त्यांच्यात फरक पडला नाही. म्हणजे फायदा गर्दी कमी झाल्याचा नव्हता, मूल जिथे आहे तिथून शिकवण्याचा होता. तुमच्या त्या तिघांना मधल्या सुट्टीनंतर तासभर पाचवीचं पुस्तक मिटून बसवून बघा. तेवढी मोकळीक मुख्याध्यापक देतात का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मला पुण्यात बसून देता येत नाही.

प्रश्न : मुलाच्या मनात मामाची मुलगी आहे. आमच्यात चालतं. पण सुनेच्या माहेरची डॉक्टर मंडळी म्हणतात, मुलं अपंग होतात, आणि वर हे लग्न बेकायदाही आहे. नक्की काय? (सोलापूर)

हिंदू विवाह कायदा, १९५५ पाहिला तर वरवर डॉक्टर मंडळींचं बरोबर वाटेल. आईकडून तीन आणि वडिलांकडून पाच पिढ्यांतले नातेवाईक ते सपिंड, त्यांचं आपसात लग्न चालत नाही, आणि मामाची मुलगी त्यात येते. पण त्याच कलमात सवलत आहे: दोघांच्याही रूढीत असं लग्न चालत असेल तर ते वैध. तुमच्यात चालतं, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या लग्नांवरून दाखवता येईल, तेव्हा काळजी नसावी.

महाराष्ट्राच्या या रूढीबद्दल इरावती कर्व्यांनी १९५३च्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात फार बारकाईने लिहिलंय. आपल्याकडे अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची मुलगी चालत नाही. उत्तरेत दोन्ही वर्ज्य, दक्षिणेत मामा-भाचीचंही लग्न होतं, आणि आपण मधल्या पट्ट्यात. शरीराला मात्र मामा आणि आत्या यातला भेद कळत नाही. मामेबहीण काय, आतेबहीण काय, दोघींशीही आनुवंशिक जवळीक सारखीच, एक अष्टमांश.

आता धोका. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात ११ हजारांहून अधिक बाळांचा माग ठेवला गेला. तिथल्या पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांत चुलत-मावस लग्नं खूप. २०१३मध्ये निष्कर्ष आला: जन्मजात व्यंगाचं प्रमाण साधारण ३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर जातं. ही कुटुंबं गरीबही होती, मग दोष नात्याचा की गरिबीचा, हेही त्यांनी वेगळं काढून पाहिलं. गरिबीने तो फरक समजावता आला नाही. म्हणजे धोका खरा आहे, दुप्पट आहे, आणि तरीही शंभरातली ९४ बाळं जन्मजात व्यंगाशिवाय येतात. 'मुलं अपंग होतात' आणि 'काही होत नाही, आमच्या आजीचंही असंच झालं', दोन्ही वाक्यं खोटी.

तुम्ही एक करा. दोन्हीकडच्या चार पिढ्या कागदावर मांडा. लहानपणी गेलेली मुलं, जन्मापासून बहिरी, वारंवार रक्त चढवावं लागणारी, सगळी लिहा. 'अंगात कमी होतं, गेलं' असं म्हणून विसरलेलीही. पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच लग्नं झाली असतील तर वरच्या आकड्यापेक्षा धोका जास्त. तो कागद घेऊन आनुवंशिक सल्लागाराकडे जा आणि थॅलेसेमिया, सिकलसेलसाठी दोघांची रक्ततपासणी करून घ्या. हे साखरपुड्याआधी. नंतर घरात कुणाची 'नको' म्हणायची छाती होत नाही.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे, कर्करोगावर उपचार चालू. रुग्णालयात एका तरुण डॉक्टरांनी १४ पानी इंग्रजी कागद दिला. 'नवीन औषध आहे, फुकट मिळेल, इथे सही करा.' वडील म्हणतात डॉक्टर देव आहेत, करून टाक. मला भीती वाटते. (नागपूर)

भीती योग्य आहे, पण तिचं रूपांतर प्रश्नांत करा. तो कागद औषध-चाचणीचा संमतीपत्र असावा. औषध-चाचण्यांच्या २०१९च्या नियमांनुसार तो वडिलांना समजेल अशा भाषेत हवा. मराठी प्रत मागा. ती देणं हा उपकार नव्हे. घरी घेऊन जा, दोन रात्री झोप काढा.

मग विचारा: सगळ्यांना नवीन औषध मिळणार की चिठ्ठी टाकणार? बहुतेक वेळा चिठ्ठीच असते. अर्ध्यांना नवीन, अर्ध्यांना सध्याचा उपचार, आणि कुणाला काय हे कधी डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. म्हणजे 'नवीन औषध फुकट मिळेल' हे वाक्य अर्धंच खरं असू शकतं. यात फसवणूक नाही. चिठ्ठी नसेल तर डॉक्टर नकळत धट्टेकट्टे रुग्ण नव्या औषधाकडे वळवतील आणि तुलनाच नासेल. पण चिठ्ठी आहे हे तुम्हाला आधी कळलं पाहिजे. दुसरं, चाचणीत नाही गेलो तर आत्ताचे उपचार तसेच चालू राहणार ना? उत्तर 'हो'च असायला हवं. मध्येच बाहेर पडण्याचाही हक्क आहे, कारण न देता. औषधाने इजा झाली तर उपचार फुकट, आणि इजा चाचणीमुळेच झाली असं ठरलं तर भरपाई. गंभीर काही घडलं तर डॉक्टरांना २४ तासांत कळवावं लागतं. चाचणीवर नजर ठेवणाऱ्या आचारसमितीत किमान सात जण असतात, त्यात एक कायद्याचा जाणकार आणि एक तुमच्या-माझ्यासारखा सामान्य माणूस. समितीचा फोन नंबर त्या कागदावर असतो. लावून बघा, उचलतात का.

नोंदणी क्रमांकही त्या पानांत शोधा. भारतात चाचणी सुरू होण्याआधी 'सीटीआरआय' या औषध-चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदवणं २००९पासून सक्तीचं आहे आणि ती यादी इंटरनेटवर कुणालाही उघडता येते. कशाची तुलना कशाशी, किती रुग्ण, पैसे कुणाचे, सगळं तिथे दिसतं.

माझ्या घरात असा कागद आला होता तेव्हा मी, आयुष्यभर हेच शिकवलेला माणूस, न वाचता सही करून मोकळा झालो होतो. समोर स्ट्रेचर होतं. म्हणून सांगतो, वडिलांना घेऊन बाकावर बसा आणि निदान पहिली चार पानं त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. सही त्यांची आहे. आणि झाल्यावर एक प्रत मागून घ्या, ती द्यावीच लागते.