वाचकांचे प्रश्न : तळ्याकाठची सोपी रानवाट

शहरापासून जवळ, फारशी चढण नसलेली आणि निम्मी झाडीतून तर निम्मी पाण्याच्या कडेने जाणारी वाट, या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी ज्यांचा उपयोग अनेकांना होईल असे प्रश्न येथे निवडले आहेत. बहुतेक पत्रांत ‘वाट सोपी होती, तरीही…’ असे शब्द कोठे ना कोठे आलेले आहेत, आणि त्या ‘तरीही’ची दखल घेणे मला महत्त्वाचे वाटते.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र एका तळ्याला फेरी घालण्यासाठी गेलो होतो. समोरचा काठ इतका जवळ दिसत होता की तासाभरात परत येऊ असे वाटले. प्रत्यक्षात तीन तास लागले आणि शेवटचा टप्पा अंधारात चाचपडत पार करावा लागला. वाट सपाट होती, कोणी दमलेही नव्हते. मग आमचा अंदाज चुकला कुठे?

उत्तर : आपला अंदाज पायांनी नव्हे, डोळ्यांनी चुकवला. जमिनीवर अंतर जोखताना मधली झाडे, दगड, माणसे यांचा आधार मिळतो. पाण्यावर मध्ये काहीच नसल्यामुळे पलीकडचा काठ हाताच्या अंतरावर आल्यासारखा भासतो. शिवाय आपण पाहतो सरळ रेषेत आणि चालतो मात्र काठाने. समजा, तळे अगदी वाटोळे आहे आणि त्याचे क्षेत्रफळ एक चौरस किलोमीटर आहे. समोरचा काठ जेमतेम सव्वा किलोमीटरच्या आत असतो, पण फेरी मात्र साडेतीन किलोमीटरची होते. आता वाटोळे तळे सहसा सापडत नाही. पाण्याच्या जिभा रानात आत शिरलेल्या असतात, आणि प्रत्येक जिभेच्या टोकापर्यंत जाऊन, तेथे मिळणारा ओढा ओलांडून पुन्हा बाहेर यावे लागते. तळ्यांचा अभ्यास करणारे लोक काठाची लांबी आणि तेवढ्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाचा परीघ यांचे गुणोत्तर काढतात. वर्तुळासाठी ते एक येते; काठ बराच वेडावाकडा असला की ते सहज दोनपर्यंत जाते, म्हणजे आपले साडेतीन किलोमीटर सात होतात.

वेळेच्या हिशेबासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला नियम आजही वापरला जातो : ताशी सुमारे पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईसाठी आणखी एक तास. मात्र हा वेग न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. मुळांनी भरलेल्या, वळणावळणाच्या पायवाटेवर मी स्वतः ताशी तीन किलोमीटर धरतो, आणि बरोबर लहान मुले असली तर दोनच. तेव्हा सात किलोमीटरला, थांबत-बोलत गेल्यावर, तीन तास लागले यात नवल नाही. नकाशावर वाटेच्या वळणांवरून दोरा धरून तो मोजपट्टीला लावला, तर निघण्यापूर्वीच खरे अंतर कळते.

अंधाराबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, कारण तळ्याकाठी ती हमखास फसवते. सूर्य मावळल्यावरही पाण्याचा पृष्ठभाग आकाशातला उजेड धरून ठेवतो, त्यामुळे काठावर उभ्या असलेल्या माणसाला अजून बराच वेळ आहे असे वाटते. त्याच क्षणी वाट झाडीत वळली की स्वतःची पावलेही दिसत नाहीत. हात समोर ताठ धरून सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये किती बोटे मावतात ते पाहावे. एका बोटाला साधारण पाऊण नव्हे, पाव तास धरावा. चार बोटे उरली असतील तर परतीला लागावे. विजेरी प्रत्येकाकडे स्वतंत्र असावी, फोनमधल्या दिव्यावर विसंबू नये.

प्रश्न : आईने सत्तरी ओलांडली आहे आणि तिचे गुडघे दुखतात, पण पाण्याकाठी चालायची तिला फार हौस आहे. तिला पूर्ण फेरीला न्यावे का?

उत्तर : आईंना अवश्य न्यावे, पण पूर्ण फेरीला नेऊ नये. फेरीच्या वाटेत एक अडचण असते : निम्मे अंतर ओलांडल्यावर मागे फिरणे आणि पुढे जाणे सारखेच लांब होते, म्हणजे गुडघा दुखू लागला तर सुटका कोणत्याच बाजूला नसते. त्याऐवजी त्याच वाटेने जाऊन त्याच वाटेने परतावे. आईंनी ‘आता बस’ म्हटले की तेथूनच वळता येते, आणि परतताना तेच तळे दुसऱ्या बाजूने दिसते, हा लाभ वेगळाच. थकवा येण्याची वाट पाहू नये. ताकदीचा तिसरा हिस्सा खर्च झाला की वळावे.

गुडघ्यांना चढापेक्षा उतार अधिक त्रास देतो, म्हणून काठापर्यंत उतरून जाणाऱ्या वाटा टाळून गाडी उभी करण्याच्या जागेपासूनच पाण्याच्या पातळीने जाणारी वाट निवडावी. हातात काठी द्यावी. सपाटीवर ती टेकवली असता कोपर काटकोनात राहील एवढी तिची उंची असावी, आणि उतारावर थोडी अधिक. आपण पुढे चालू नये. आईंना पुढे चालू द्यावे, म्हणजे वेग त्यांचा राहतो आणि त्यांच्यावर ‘गाठण्याचे’ दडपण येत नाही. त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारावे, हे सांगायला नकोच.

प्रश्न : पावसानंतर वाटेवर चिखल असतो, म्हणून आम्ही कडेच्या गवतावरून जातो. एका सहप्रवाशाने यावरून आम्हाला टोकले. पाय कोरडे ठेवण्यात गैर काय?

उत्तर : टोकणाऱ्याने योग्यच केले, आणि आपण हे मोकळेपणाने विचारलेत याचा मला आनंद आहे, कारण शहराजवळच्या वाटांचे सर्वांत मोठे नुकसान असेच, कोणाच्याही मनात वाईट हेतू नसताना होते.

मी अनेक वर्षे ज्या वाटेने जातो, तिच्या एका वळणावर पूर्वी एक डबके होते, परातीएवढे. लोक त्याला वळसा घालू लागले. जिथे पावले पडली तिथले गवत प्रथम आडवे झाले, मग पिवळे पडले, मग गेले. मातीच्या कणांमध्ये हवा आणि पाणी राहण्यासाठी बारीक पोकळ्या असतात. सतत तुडवल्याने त्या मिटतात, पाणी मुरत नाही, आणि जिथे कोरडे होते तिथेच नवे डबके साचते. पुढचा माणूस त्यालाही वळसा घालतो. आज त्या ठिकाणी वाट बैलगाडी जाईल एवढी रुंद आहे आणि तिच्या मध्यावर एका मोठ्या झाडाची मुळे उघडी पडली आहेत, साल सोललेली, बुटांच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेली. झाडाला अन्नपाणी पुरवणारी बारीक मुळे बहुतांशी मातीच्या वरच्या थरातच, वीतभर ते हातभर खोलीत असतात. तो थर गेला की झाड उभे दिसते, पण उपाशी असते.

तळ्याकाठी याचा दुसरा परिणाम होतो. वाट पाण्याकडे उतरती असते, त्यामुळे सैल झालेली माती पहिल्या जोरदार सरीबरोबर तळ्यात जाते आणि आपल्याबरोबर फॉस्फरस नेते. तोच पुढे शेवाळाचे खाद्य होतो. वाटेची एक बाजू तुडवल्याने पाण्याचा रंग बदलतो, असे म्हटले तर ते अतिशयोक्त वाटेल, पण शेकडो पावलांच्या बाबतीत ते खरे आहे.

तेव्हा भिजले तरी चालतील असे, चांगली पकड असलेले बूट घालावेत आणि चिखलातून सरळ मधून जावे. ओल्या मुळावर पाय न देता ते ओलांडावे, कारण सालीवरून बूट घसरतो तसा मातीवरून घसरत नाही. आणि चिखल घोट्याच्या वर असेल, तर दोन दिवस थांबून जावे. तळे कोठे जात नाही.

प्रश्न : तळ्याच्या एका कोपऱ्यात हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला. आमचा कुत्रा तेथे पाणी पिऊ पाहत होता. काही धोका असतो का?

उत्तर : असतो, आणि तो गंभीर असतो. असा रंगासारखा, वाऱ्याने एका कोपऱ्यात गोळा झालेला तवंग बहुधा निळ्या-हिरव्या जीवाणूंचा असतो, ज्यांना आपण सवयीने शेवाळ म्हणतो. त्यांच्यातील काही जाती यकृतावर आणि मज्जासंस्थेवर परिणाम करणारी विषे तयार करतात. पाणी उकळून ही विषे नाहीशी होत नाहीत. कुत्रा पाणी पितो आणि बाहेर आल्यावर अंगावरचा तवंगही चाटतो, म्हणून त्याला धोका माणसापेक्षा अधिक. त्याला दोरीने धरून ठेवावे. तो पाण्यात गेलाच, तर चाटण्याआधी स्वच्छ पाण्याने धुवावे, आणि उलटी, लाळ किंवा झोकांड्या दिसल्या तर क्षणभरही न थांबता पशुवैद्याकडे न्यावे. काडी बुडवून वर काढल्यावर लांब हिरवे धागे लोंबत आले, तर ते बहुधा साधे तंतुमय शेवाळ असते. काडीला रंगासारखा लेप लागला, तर मात्र दूर राहावे.

याच पत्रात पोहण्याविषयीही विचारले आहे. अनोळखी तळ्यात पोहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उन्हात तापलेला वरचा थर उबदार लागतो, पण त्याखालचे पाणी एकदम गार असू शकते. अशा गारठ्याने श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर चांगला पोहणाराही बुडतो.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी विचारते की पायाजवळच्या पाण्यात तळाचे खडे दिसतात, मग लांबचे पाणी आरशासारखे का दिसते? मला सांगता आले नाही.

उत्तर : मुलीला माझी शाबासकी द्यावी. आपण पायाशी सरळ खाली पाहतो तेव्हा पृष्ठभाग शंभरातला केवळ दोन भाग उजेड परतवतो, बाकीचा आत शिरतो आणि तळावरून परत येऊन खडे दाखवतो. दूरवर पाहताना आपली नजर पाण्याला जवळजवळ घासून जाते, आणि अशा तिरप्या नजरेला पृष्ठभाग निम्म्याहून अधिक उजेड परतवतो. म्हणून तेथे तळाऐवजी आकाश दिसते. तिला आणखी एक खेळ सांगावा : काठावर उभे राहून समोरच्या झाडांची आणि त्यांच्या प्रतिबिंबाची नीट तुलना करायची. दोन्ही सारखी नसतात. प्रतिबिंबात दिसते ते जणू आपण पाण्याखाली तेवढ्याच खोलीवरून वर पाहत असल्यासारखे, त्यामुळे पानांची खालची बाजू अधिक दिसते आणि पुढच्या झाडांमागचे डोंगर झाकले जातात. मग तिने खाली बसून पुन्हा पाहावे, आणि काय बदलले ते आपल्याला सांगावे.

प्रश्न : वाटेत ढग गडगडू लागले तर झाडाखाली थांबावे की पाण्याच्या मोकळ्या काठावर?

उत्तर : दोन्हीकडे नाही. एकाकी उंच झाड आणि उघडा काठ या दोन्ही जागा वाईट. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंद किंवा कमी वेळ लागला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. ते शक्यच नसेल, तर सारख्या उंचीच्या बुटक्या झाडीत, खोडांपासून अंतर राखून, एकमेकांपासून दूर थांबावे.

प्रश्न : आमच्या शहराजवळच्या तळ्यावर मी दोनदा गेलो. वाट सोपी आहे, पण पाहण्यासारखे तिथे काहीच नाही. धबधबा नाही, उंच कडा नाही. लोक पुन्हा पुन्हा का जातात?

उत्तर : आपण दोन्ही वेळा चालत राहिलात, असा माझा तर्क आहे. तिसऱ्यांदा जाल तेव्हा उबदार दिवसांत सकाळी लवकर जावे, पाण्यात लव्हाळे किंवा पाणकणीस उभे असेल अशी जागा शोधावी आणि वाटेवरूनच, काठावर न उतरता, वीस मिनिटे बसावे. पहिली दहा मिनिटे काही घडणार नाही, कारण आपल्या येण्याने सगळे दडलेले असते. नंतर पाणपक्षी बाहेर येऊ लागतात, आणि बुडी मारलेला पक्षी कुठे वर येईल याचा अंदाज बहुतेक वेळा चुकतो. मग जवळच्या देठांकडे पाहावे. एखाद्या देठावर, पाण्यापासून वीतभर उंच, मातकट रंगाची एक रिकामी कात चिकटलेली दिसेल. सहाही पाय देठाला घट्ट धरलेले, पाठीवर उभी चीर, आणि त्या चिरेतून बाहेर लोंबणारे दोन-चार पांढरे धागे. ती चतुराची कात. पाण्याखाली महिनोन्‌महिने, काही जातींत वर्षानुवर्षे, शिकार करून वाढलेले त्याचे पिल्लू एका रात्री किंवा पहाटे तो देठ चढले, पाठ फोडून बाहेर आले आणि पंख वाळताच उडून गेले. ते पांढरे धागे म्हणजे त्याच्या श्वासनलिकांचे अस्तर; तेसुद्धा त्याने मागे सोडले. कात तोडून घेऊ नये. शेजारचा देठ पाहावा. त्यावर कदाचित एखादे पिल्लू अजून ओले, नुकतेच वर चढत असेल.