थंडीचा आठवडा: आकड्याआधी वारा आणि आभाळ बघा

प्रश्न: ताई, मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. मोबाईलवर आठवड्याचा अंदाज येतो त्यात किमान तापमान 10 दाखवतात आणि पहाटे बागेत थर्मामीटर बघावा तर 6 नाहीतर 7. मण्यांत साखर भरतेय, तडे जायची भीती वाटते. खरं काय धरायचं?

उत्तर: दादा, दोन्ही खरंय. तुमचा थर्मामीटर किती उंचीवर टांगलाय ते तुम्ही लिहिलं नाहीत, आणि सगळी मेख तिथेच आहे. हवामान खातं तापमान मोजतं ते पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर. रात्री आभाळ मोकळं असलं, वारा पडलेला असला की जमीन आपली उष्णता भराभर वर सोडून देते, आधी जमीन गार होते, मग तिला लागलेली हवा, त्यामुळे पायाशी आणि छातीशी दोन-चार अंशांचा फरक सहज पडतो. शिवाय गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून वाहत येते आणि खोलगट जागी साचून राहते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गवतावर हिमकण दिसतात ना, तेव्हा वेधशाळेतला पारा शून्याच्या बराच वर असतो, तो हाच प्रकार. तुमची बाग नदीकडेला किंवा खोलात असली तर ती कायम अंदाजापेक्षा गारच राहणार.

म्हणून एक काम कराच. थर्मामीटर उन्हापावसापासून आडोशाला, छातीच्या उंचीवर लावा आणि दहा-बारा दिवस वहीत दोन आकडे लिहा, अंदाजातला आणि तुमचा, आणि शेजारी लिहा रात्री ढग होते का, वारा होता का. मोकळ्या, शांत रात्री तुमची बाग तीन अंश खाली जाते असं दिसलं तर पुढच्या वेळी 10 वाचलं की तुम्ही 7 समजायचं. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री हा फरक जवळजवळ मिटतो, तेव्हा उगाच धावपळ नको.

आणि पारा सगळ्यात खाली जातो तो मध्यरात्री नाही, सूर्य उगवायच्या सुमाराला. त्यामुळे बागेत शेकोट्या करायच्या तर पहाटेच्या, रात्री दहाला पेटवून पहाटे विझल्या तर उपयोग काय? धुरापेक्षा तिथे ऊबच कामाची, एका मोठ्या जाळापेक्षा लहान लहान शेकोट्या बऱ्या. ठिबकने पाणी देऊन जमीन ओली ठेवायची, ओली जमीन दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते.

प्रश्न: बातम्यांत सांगतात पश्चिमी झंझावात आला, काश्मीरात बर्फ पडला. मी लगेच स्वेटर काढते आणि पुण्यात दोन दिवस उलट उकडतं! असं का?

उत्तर: काकू, स्वेटर काढा पण दोन-तीन दिवसांनी. हे झंझावात, कुणी चक्रावात म्हणतं, म्हणजे ढग, पाऊस, बर्फ आणणारी कमी दाबाची क्षेत्रं, ती भूमध्य समुद्राच्या बाजूने पूर्वेकडे सरकत हिमालयाकडे येतात. असा झंझावात उत्तरेत असेपर्यंत आपल्याकडे येणारा उत्तरेचा कोरडा वारा मोडतो, ढग येतात, आणि ढग म्हणजे रात्रीचं पांघरूण, जमिनीची ऊब अडकून राहते आणि किमान तापमान चढतं. तो पुढे निघून गेला की मग बर्फावरून आलेला कोरडा वारा खाली उतरतो, धुळे-जळगावकडे आधी, मग नाशिक, अहिल्यानगर, पुणे. एकामागोमाग एक झंझावात येत राहिले तर मधे थंडीला जागाच मिळत नाही. तसंच बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र झालं की वारा पूर्वेचा होतो, दमट हवा येते आणि विदर्भ-मराठवाड्यातली थंडी पळते. मी स्वतः आठवड्याचा अंदाज उघडला की आधी वारा कुठून येतोय ते बघते, मग ढग, आकडा सगळ्यात शेवटी. आणि पहिल्या दोन-तीन दिवसांचे आकडे भरवशाचे, सहाव्या-सातव्या दिवसाचे फक्त कल कळायला, पारा चढतोय की उतरतोय एवढंच.

प्रश्न: मुंबईत आम्ही 17 अंशांत कुडकुडतो, पण थंडीची लाट म्हणून कधी जाहीर होत नाही. नाशिकलाही 9 असताना लाट नाही म्हणाले!

उत्तर: कारण लाट म्हणजे नुसता गारठा नाही. सपाट भागात किमान तापमान 10 किंवा खाली हवं आणि शिवाय त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा निदान 4.5 अंशांनी कमी हवं. पारा थेट 4 वर आला तर मात्र सरासरी बघत नाहीत. नाशिकला जानेवारीत 10-11 नेहमीचंच, म्हणून 9 ही लाट होत नाही. किनाऱ्याला 10 च्या जागी 15 धरतात. आणि मुंबईतही पारा खरंच उतरलाय, सांताक्रूझला 22 जानेवारी 1962 ला 7.4 नोंदलेत.

प्रश्न: परभणी जिल्हा. हरभऱ्याचे घाटे भरतायत, आभाळ आलंय, अळीची फवारणी करायचीय. अंदाजात "तुरळक ठिकाणी हलका पाऊस". करू की थांबू?

उत्तर: तुरळक ठिकाणी म्हणजे त्या विभागातल्या जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर पाऊस, "काही ठिकाणी" म्हणजे 26 ते 50. म्हणजे बहुतेक जिल्हा कोरडा राहू शकतो, पण तुमचंच शेत त्या पंचविसात येणार नाही असं कुणी सांगू शकत नाही. म्हणून पाचव्या दिवसाचा पाऊस बघून आजची फवारणी अडवू नका आणि उद्याचा पाऊस दिसत असताना औषध वाया घालवू नका. जिल्ह्याचं कृषी हवामान बुलेटिन मंगळवारी आणि शुक्रवारी येतं, मेघदूत ॲपवर मराठीतही वाचता येतं. पण आधी शेतात फिरून अळी खरंच किती आहे ते मोजा, नुसतं आभाळ आलं म्हणून पंप काढू नका, आणि फवारायचं ठरलं तर पुढचे चोवीस तास कोरडे दिसतायत असा दिवस धरा, वारा पडलेला असताना, दहिवर सुकल्यावर.