युब्लॉक ओरिजिन गेलं, लाइटवर भागतं का?

तुमचे मुख्य प्रश्न दोन आहेत. जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) क्रोमने बंद केल्यावर त्याच्या जागी टाकलेलं युब्लॉक ओरिजिन लाइट पुरेसं आहे का, आणि नव्या नियमांमुळे अ‍ॅडब्लॉकर निकामी झाले असं जे बोललं जातं ते खरं का. पहिल्याचं उत्तर: बहुतेकांना पुरतं. दुसऱ्याचं: जाहिराती अडवण्यापुरतं बघितलं तर नाही, पण आपल्या हातातलं बरंच काही गेलं हे खरं.

क्रोमच्या एक्स्टेंशनची नियमावली म्हणजे मॅनिफेस्ट. तिची दुसरी आवृत्ती गूगलने जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने मोडीत काढायला घेतली. कंपन्यांच्या संगणकांसाठी ठेवलेली सवलतही क्रोम १३९ मध्ये संपली. जुन्या पद्धतीत पान उघडताना ब्राउझर प्रत्येक विनंती एक्स्टेंशनला दाखवायचा आणि ती सोडायची की अडवायची हे एक्स्टेंशन तिथल्या तिथे ठरवायचं. आता, तिसऱ्या आवृत्तीत, एक्स्टेंशन काय अडवायचं याच्या नियमांची यादी आधीच ब्राउझरकडे देतं आणि अडवतो ब्राउझर. सोसायटीने आपला वॉचमन काढावा आणि कोणाला आत सोडायचं नाही याची यादी बिल्डरच्या वॉचमनकडे द्यावी, तसं. बिल्डरचा धंदा जाहिरातींचा आहे, म्हणून लोकांना शंका येते, आणि ती अगदीच अनाठायी नाही.

सुरुवातीच्या मसुद्यात एका एक्स्टेंशनला फक्त ३०,००० नियमांची मर्यादा होती. बहुतेक अ‍ॅडब्लॉकर वापरतात त्या एकट्या ईझीलिस्ट या यादीतच त्याहून जास्त नियम आहेत, त्यामुळे ओरड झाली ती रास्तच होती. पुढे तो आकडा मर्यादेऐवजी किमान हमी झाला आणि त्यावर सगळ्या एक्स्टेंशनना मिळून एक सामायिक साठा दिला गेला. 'नियम पुरत नाहीत' हे आज ऐकलंत तर ती जुनी बातमी समजा. फ्रांकफुर्टच्या गोएथे विद्यापीठातल्या संशोधकांनी जुन्या-नव्या आवृत्त्या ताडून बघितल्या, त्यांचा अभ्यास २०२५ मध्ये आला. जाहिराती किंवा ट्रॅकर (आपला माग काढणारा कोड) अडवण्यात लक्षणीय घट त्यांना दिसली नाही. मराठी वृत्तपत्रांच्या साइट म्हणजे अ‍ॅडब्लॉकरची वार्षिक परीक्षाच, पण तिथेही लाइट लावून मला बातमी सलग वाचता येते.

मग गेलं काय? सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चपळाई. मूळ युब्लॉक फिल्टरच्या याद्या स्वतः उतरवून घ्यायचं. लाइटच्या याद्या एक्स्टेंशनमध्येच बांधलेल्या असतात, त्या एक्स्टेंशनच्या नव्या आवृत्तीबरोबर क्रोमच्या स्टोअरमधून येतात. वर्तमानपत्राच्या साइटवर याने काही बिघडत नाही. यूट्यूबवर मात्र अ‍ॅडब्लॉकरशी उंदीर-मांजराचा खेळ चालू असतो, तिथे हा उशीर जाणवतो. फक्त नियम बदलले असतील तर स्टोअरची तपासणी टाळण्याची सोय गूगलने नंतर केली, त्यामुळे हे अंतर कमी झालंय, मिटलेलं नाही.

दुसरं म्हणजे बारीक नियंत्रण. अमुक साइटवर तमुक ठिकाणची स्क्रिप्ट (पानात चालणारा कोड) चालू द्यायची नाही, असं खानेवारीने ठरवता यायचं, ते लाइटमध्ये नाही. पानावरचा नको तो भाग बोट दाखवून घालवण्याची सोय नंतर आली. ज्यांनी मूळ युब्लॉकच्या सेटिंगमधली 'प्रगत वापरकर्ता' ही खूण कधी केलीच नाही, त्यांना यातलं काहीच जाणवणार नाही.

साइटच्याच उपडोमेनच्या (साइटच्या पत्त्याच्या पोटपत्त्याच्या) नावामागे लपणारे ट्रॅकर पकडता येत नाहीत, याचं खापरही नव्या नियमांवर फोडलं जातं. ते क्रोममध्ये आधीही पकडले जात नव्हते. मूळ युब्लॉकची ती सोय फक्त फायरफॉक्समध्ये होती आणि आहे.

नवे नियम सुरक्षेसाठी आहेत हा गूगलचा मुद्दा मला अर्धाच पटतो. लाइट बेसिक या सगळ्यात साध्या पातळीवर पानं वाचण्याची परवानगी न घेता चालू शकतं, हा फायदा खरा. पण विनंत्या अडवता येत नसल्या तरी परवानगी असलेल्या एक्स्टेंशनला त्या बघता अजूनही येतात. म्हणजे हेरगिरी करणाऱ्याचं फार अडलं नाही, अडवणाऱ्याचं अडलं.

क्रोम सोडायचं नसेल तर लाइटच्या सेटिंगमध्ये पातळी ऑप्टिमल किंवा कम्प्लीट करा. जोडीला दुसरा अ‍ॅडब्लॉकर टाकू नका, दोघं एकमेकांच्या पायात येतात. नुसतं 'युब्लॉक' नावाचं जे मिळतं ते वेगळं, निर्माता रेमंड हिल आहे ना ते बघूनच घ्या. यूट्यूब खूप बघत असाल किंवा स्वतःचे फिल्टर लिहीत असाल तर सरळ फायरफॉक्सवर जा, तिथे मूळ युब्लॉक पूर्ण ताकदीने चालतं, अँड्रॉइडवरही. ब्रेव्ह या दुसऱ्या ब्राउझरचा अडवणारा भाग ब्राउझरमध्येच आहे, त्याला एक्स्टेंशनचे नियम लागू नाहीत.

घरच्यांच्या फोनबद्दलही विचारलंत. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन चालतच नाहीत, तेव्हा तिथे या बदलाने काही फरक पडलेला नाही. अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस'ची सोय असते (डीएनएस म्हणजे साइटचं नाव देऊन तिचा पत्ता सांगणारी सेवा), तिथे जाहिराती गाळणाऱ्या अ‍ॅडगार्डच्या डीएनएसचा पत्ता टाकला की बऱ्याच अ‍ॅपमधल्या जाहिरातीही जातात. यूट्यूबच्या मात्र जात नाहीत. तिथे व्हिडिओ आणि जाहिरात एकाच दारातून येतात, आणि डीएनएसला फक्त दार बंद करता येतं.