सिंक दाबला म्हणून डीजे खोटा होतो का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. खारच्या छोट्या बारमध्ये तू तासभर टेक्नो, म्हणजे मशिनी ठेक्याचं नाचाचं संगीत, वाजवलंस, लोक नाचले, आणि खाली उतरल्यावर एका सीनियरने चारचौघांत सुनावलं की सिंक (दोन गाण्यांचा ठेका आपोआप जुळवणारं बटण) दाबणारा डीजे नसतो आणि खरं टेक्नो फक्त व्हायनलवर, म्हणजे जुन्या तबकड्यांच्या रेकॉर्डवर, वाजतं. आता तू उसने पैसे घेऊन रेकॉर्ड वाजवायची दोन टर्नटेबलं आणायच्या विचारात आहेस. आधी ते पैसे परत कर.

मी परळचा, १९९४पासून वाजवतोय. सुरुवात लग्नाच्या हॉलमध्ये, दोन कॅसेट डेक आणि खरखरणारा मिक्सर. ठेका जुळवणं ही भानगडच नव्हती. एक गाणं संपायच्या आत दुसरं लागलं तरी वऱ्हाड खूश. आमच्यातल्या बहुतेकांनी हाउस, टेक्नोचं भावंड, पहिल्यांदा ऐकलं ते कुणाच्या तरी दुबईच्या मामाने आणलेल्या कॅसेटवर. रेकॉर्डवर शिकलेले लोक होते, नाही असं नाही, पण मोजकेच. तेव्हा 'आमच्या वेळी' असं कुणी सुरू केलं की नेमकं कोणतं मशीन होतं ते प्रेमाने विचारत जा. आणि बर्लिनमध्ये आठ-आठ तास वाजवतात हे ऐकवणाऱ्याला सांग, आपल्याकडे दीडला शटर पडतं.

हा अस्सल-नकलीचा वाद मुळात या संगीताच्याच अंगावर आला होता. १२ जुलै १९७९ला शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधे, डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग स्फोट करून उडवला. 'हे खरं संगीत नाही', हाच सूर. त्याच शहरात वेअरहाउस नावाच्या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी मंडळींसाठी डिस्कोच वाजवत होता, टेप कापून-जोडून लांबवत होता. हाउस हे नाव त्या क्लबवरून पडलं. डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिलमध्ये वाढलेले हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन यांनी टेक्नो घडवलं तेही मशिनांवर. रोलँड कंपनीचं टीबी-३०३ हे यंत्र बनवलं होतं गिटारवाल्यांना साथीला बेस मिळावा म्हणून. बेससारखं ते वाजेना, खपेना, १९८४मध्ये कंपनीने बंदच केलं. मग ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं आणि शिकागोच्या फ्युचर या गटाने त्याचे खुंटे नको तितके पिळून १९८७मध्ये अ‍ॅसिड हाउसची, म्हणजे त्या पिळलेल्या आवाजाच्या हाउसची, पहिली मोठी रेकॉर्ड काढली. म्हणजे ज्याला आज अस्सल म्हणतात, ते एका फसलेल्या नकली बेसमधून आलं.

आपल्या गावची गोष्टही ठाऊक असू दे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये मुंबईत तेच ३०३ आणि ८०८ हे ड्रमचं यंत्र घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ललित, कलावती, मेघमल्हार वगैरे. रेकॉर्ड खपली नाही. २०१०मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि जगभर चर्चा झाली. पण त्यावरून 'अ‍ॅसिड हाउस मुंबईत जन्मलं' अशी कॉलर ताठ करू नकोस. शिकागोच्या पोरांच्या कानावर ती गेल्याचा काही पुरावा नाही, आणि सिंगसाहेब काही क्लबसाठी वाजवत नव्हते. एकच यंत्र, दोन शहरं, दोन वेगळी डोकी. मला हे जास्त भारी वाटतं.

हा वाद आपल्याला नवा नाही. हार्मोनियमवर श्रुती, म्हणजे स्वरांमधले बारीक भेद, लागत नाहीत म्हणून १९४०मध्ये आकाशवाणीने ती बंद केली, तीसेक वर्षं ती बाहेर. आज गवय्याशेजारी इलेक्ट्रॉनिक तानपुरा असतो, कुणी नाक मुरडत नाही. पण तोच गवई हातात खरा तानपुरा दिला तर जवारी (तारांचा झंकार) लावू शकतो का, हे मात्र लोक बघतात.

तुझ्या सीनियरचं इथे थोडं बरोबर आहे. सिंक ठेका जुळवतो, सम जुळवत नाही. हाउस-टेक्नो बहुतेक बत्तीस मात्रांच्या तुकड्यांत बांधलेलं असतं, म्हणजे तीनतालाची दोन आवर्तनं धर. पहिल्या गाण्याचा तुकडा संपतो तिथे दुसऱ्याची सम यायला हवी. ती तू मोजायचीस, बटण नाही. शिवाय सत्तरच्या दशकातलं डिस्को लावून बघ: माणसाने ड्रम वाजवलेत, लय किंचित पुढे-मागे होते, सॉफ्टवेअरने आखलेली ठेक्याची रेघ चुकते आणि दोन घोडे एकत्र दौडल्यासारखा आवाज येतो. तेव्हा हात लागतो. म्हणून महिनाभर स्क्रीनवरच्या बीपीएमवर, म्हणजे गाण्याच्या गतीच्या आकड्यावर, चिकटपट्टी लाव, सिंक बंद ठेव, एका कानाला हेडफोन, दुसरा कान स्पीकरकडे. तुझ्या कंट्रोलरवरच, म्हणजे लॅपटॉपला जोडायच्या मिक्सिंगच्या यंत्रावरच, जमेल. जमलं की खुशाल सिंक लाव आणि वाचलेलं लक्ष समोरच्या लोकांवर घाल.

व्हायनलचा माझा पराक्रमही ऐक. एकदा लोअर परळच्या एका जागी मी ऐटीत रेकॉर्डची पेटी घेऊन गेलो. स्टेज पोकळ लाकडी. बेस वाढवला की सुई उडायची. बाहेरून चार पेव्हर ब्लॉक आणून टर्नटेबलखाली ठेवले, वर टॉवेल, तरी तेच. शेवटी ज्या पोराला 'सीडीवाला' म्हणून मी हिणवायचो, त्याच्याच सीडींवर रात्र काढली. आता त्या पेटीतल्या कव्हरांना दर पावसाळ्यात बुरशी येते आणि बायको माळ्याकडे बोट दाखवते.

माझ्या मते खोटा तो, जो घरी मिक्स करून आणलेला तास पेनड्राइव्हवर लावतो आणि वर हात हवेत फिरवतो. असले मी व्हायनलवाल्यांतही पाहिलेत. त्यांचे सेट दहा वर्षं त्याच क्रमाने वाजतात.

त्या सीनियरशी भांडू नकोस. त्याच्याकडे गाण्यांची माहिती असेल, ती काढून घे. तू वाजवलेल्यांपैकी कुठलं गाणं चुकीच्या वेळी लागलं, एवढंच त्याला विचार. उत्तर आलं तर त्याने ऐकलं होतं. नाही आलं, तर तो तुझं बटणच बघत होता.