वाचकांचे प्रश्न : धोका कोणत्या स्रावातून, आणि का?

प्रश्न : आमचे गाव यावल तालुक्यात आहे. माझे पती केळीचा ट्रक घेऊन दिल्लीपर्यंत जातात. चार महिन्यांपूर्वी त्यांना एचआयव्ही असल्याचे निष्पन्न झाले आणि लगेच एआरटीच्या, म्हणजे हा विषाणू दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या, गोळ्या सुरू झाल्या. माझी तपासणी निगेटिव्ह आली आहे. ते म्हणतात, वीर्य आत पडले नाही तर काही होत नाही. नणंद म्हणते, नंतर लिंबाच्या पाण्याने आतून धुवावे. सासूबाईंनी त्यांचे ताट-पेला वेगळे काढले आहेत. यातले खरे काय?

उत्तर : ताई, पतींचा समज चुकीचा आहे. वीर्यपतनाच्या आधी लिंगातून जो पातळ, चिकट स्राव येतो त्यातही विषाणू असू शकतो, आणि तो केव्हा आला हे पुरुषाला बहुतेक वेळा कळतही नाही. त्यामुळे ‘वेळेवर बाहेर काढणे’ हे संरक्षण नव्हे.

रक्त, वीर्य, हा वीर्यपूर्व स्राव, योनीतील व गुदाशयातील स्राव आणि आईचे दूध, एवढ्याच द्रवांत संसर्ग घडविण्याइतका विषाणू असतो. पण नुसता विषाणू असून भागत नाही. तो ज्या अस्तरावर पडतो तेथे काय घडते, हेही पाहावे लागते. निरोगी योनीत एक प्रकारचे उपयुक्त जिवाणू राहतात, ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, आणि त्या आंबटपणात हा विषाणू फारसा तग धरत नाही. वीर्य मात्र किंचित अल्कधर्मी असते, कारण शुक्राणूंना त्याच आम्लापासून वाचविणे हे त्याचे काम आहे. ते योनीत पडले की तेथील आंबटपणा काही तासांपुरता निवळतो आणि शुक्राणूंसाठी केलेली ही सोय विषाणूच्याही कामी येते. शिवाय 2007 मध्ये जर्मनीतील उल्म येथील संशोधकांना असे आढळले, की वीर्यातील एका प्रथिनाच्या तुकड्यांपासून बारीक तंतू बनतात आणि ते विषाणूला पेशींना चिकटण्यास मदत करतात. हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे, शरीरात त्याचा वाटा किती याचे माप त्यातून मिळत नाही. पण वीर्य हे विषाणूचे केवळ वाहन नसावे, एवढे त्यावरून म्हणता येते. त्यात ते योनीत बराच वेळ राहते आणि तेथील अस्तराचे क्षेत्रही मोठे असते. म्हणूनच उपचार व निरोध दोन्ही नसताना पुरुषाकडून स्त्रीला होणारा धोका दर 10,000 संबंधांमागे सरासरी 8 च्या आसपास, तर स्त्रीकडून पुरुषाला 4 च्या आसपास धरला जातो. आकडा लहान दिसला तरी तो सरासरीचा आहे. जननेंद्रियावर फोड, जखम किंवा दुसरा गुप्तरोग असेल, अथवा लागण अगदी ताजी असून रक्तात विषाणू भरमसाट असेल, तर धोका कितीतरी पटींनी वाढतो.

लिंबाविषयी : विषाणू मरेल एवढे तीव्र आम्ल तुमच्या नाजूक अस्तरालाही भाजते, आणि धुण्याने तेथील उपयुक्त जिवाणूही निघून जातात. अस्तर सोलवटले की विषाणूला वाटच मोकळी होते. लिंबू शेवभाजीवर पिळावे, येथे नको.

आता सर्वांत महत्त्वाचे. पती गाडीवर असतात म्हणून त्यांच्याच भाषेत सांगतो : गाडी कोणती, यापेक्षा गाडीत माल किती, हा खरा प्रश्न आहे. एआरटीच्या गोळ्या नियमित घेतल्यास रक्तातील विषाणू इतका घटतो की तपासणीत सापडत नाही, आणि त्याबरोबर वीर्यातीलही घटतो. युरोपातील 14 देशांत ज्या 888 जोडप्यांचा अभ्यास झाला, त्यांतील बाधित जोडीदार उपचारावर होता व विषाणू दबलेला होता. निरोधाशिवाय सुमारे 58,000 संबंध होऊनही त्या जोडीदाराकडून एकही लागण झाली नाही, हे 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र या स्थितीला येण्यास सहा महिनेही लागू शकतात. एआरटी केंद्रात सहाव्या महिन्याला व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातील विषाणूच्या प्रमाणाची, तपासणी होते. तिचा अहवाल समाधानकारक येईपर्यंत, आणि डॉक्टरांशी बोलणे होईपर्यंत, प्रत्येक वेळी अगदी सुरुवातीपासून निरोध वापरावा. तो फाटला तर 72 तासांच्या आत, खरे तर जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, सरकारी रुग्णालय गाठावे. तेथे 28 दिवसांची प्रतिबंधक औषधे मिळतात. लांबच्या फेरीवर निघताना गोळ्यांची डबी ताडपत्रीखाली सामानात न ठेवता केबिनमध्ये हाताशी असावी, कारण फेरीत पडलेल्या खंडाने दबलेला विषाणू पुन्हा डोके वर काढतो. तुमचा निगेटिव्ह अहवाल शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर लगेचचा असेल, तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्या.

लाळेत विषाणूला निष्प्रभ करणारी प्रथिने असतात आणि विषाणूचे प्रमाण नगण्य असते. घाम, अश्रू व लघवीतूनही लागण होत नाही. सासूबाईंनी ताट-पेला पुन्हा घरच्या मांडणीत लावावा. केंद्रातील समुपदेशकाने समोर बसवून सांगितले तर त्यांना ते अधिक पटेल, म्हणून पुढच्या वेळी त्यांनाही बरोबर न्या.

प्रश्न : मी शिरपूरचा विद्यार्थी आहे. मुखमैथुनातून लागण होते का?

उत्तर : धोका योनी किंवा गुदमैथुनापेक्षा पुष्कळ कमी असतो, पण शून्य नसतो. तोंडात वीर्य घेतले आणि हिरड्यांतून रक्त येत असेल, तर तो वाढतो. गुटखा-तंबाखूने ज्यांचे तोंड सोलवटलेले असते त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. आपली शंका 1097 या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही विचारता येते.